उलट्या आराखड्याने भोकं पाडलेल्या डब्यांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : भोकं पाडून मागवलेले १२५बी आकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे परत घेऊन योग्य डबे पाठवण्याबाबत

तुमच्या प्रतिनिधीशी बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. बिल, फोटो, आराखडा सगळं तुमच्याकडे पोचलेलं आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलसाठी, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या आणि पायाने चालू-बंद करायच्या यंत्रासाठी, मी हे डबे मागवले. आराखड्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'बाहेरून पाहताना'. तरीही आलेल्या प्रत्येक डब्यावरची भोकं आरशात पाहिल्यासारखी डावी-उजवी उलटी आहेत. टॉगल स्विचचं भोक उजव्या नॉबशेजारी हवं होतं, ते डावीकडे आलं. इनपुट आणि आउटपुट जॅक आत एकमेकांना अडू नयेत म्हणून दोन बाजूंची भोकं मुद्दाम वरखाली ठेवली होती, त्यांचीही अदलाबदल झाली.

यावर तुमचे प्रतिनिधी काय म्हणाले ते शब्दशः लिहितो. "सर, भोकं मोजली का? सगळी आहेत ना?" मी म्हटलं, आहेत, पण उलट्या जागी आहेत. "मग डबा उलटा धरा ना सर." मी म्हटलं, डबा फिरवला तर फूटस्विच वर जातो आणि नॉब खाली येतात, वाजवणाऱ्याचा पाय नॉबवर पडेल. थोडा वेळ शांतता. मग, "सर, तुम्ही सर्किट उलटं बसवून बघितलं का?" पॉट (नॉब ज्यांच्या दांड्यांवर बसतात ते भाग) आणि टॉगल सर्किट बोर्डावर सोल्डर केलेले असतात. बोर्ड पालथा घातला तर त्यांचे दांडे झाकणाकडे तोंड करतात, हे मी समजावून सांगत होतो आणि समोरून उत्तर आलं, "बाकी कोणाची अशी तक्रार नाही सर." डबे तुम्ही विकता, भोकं पाडायचे पैसे तुम्ही घेता, आणि डावं-उजवं म्हणजे काय हे मी तुम्हाला फोनवर शिकवायचं? हे वाक्य मला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं आहे आणि ते तसंच राहू द्या.

दुसरी गोष्ट रंगाची. आतली बाजू कोरी ठेवा असं ऑर्डरमध्ये लिहिलं होतं. पावडर कोटिंग आतही मारलेलं आहे, झाकण टेकतं त्या कडेवरसुद्धा. जॅकच्या भोकाभोवती आतून मल्टीमीटरच्या सुया टेकवल्या तर आवाज नाही, म्हणजे रंगामुळे वीज जात नाही. रंग खरवडला की लगेच बीप. धातूचा डबा कशासाठी वापरतात? जॅकच्या बाहेरच्या भागातून तो ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेला) जोडला जातो आणि बाहेरची विद्युत गुणगुण सर्किटपर्यंत पोचू देत नाही. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नल कैक पटींनी वाढवला जातो, त्याबरोबर ही गुणगुणही वाढते. ग्राउंडला न जोडलेला डबा गुणगुण अडवत नाही. तुमच्या प्रतिनिधीने मात्र आतल्या रंगाला 'जादा संरक्षण' म्हटलं.

फूटस्विचचं भोक १२.५ मिमी सांगितलं होतं. ते गोल नाही, तिकोनी झालं आहे. पातळ धातूवर साधं मोठं ड्रिल एकदम घातलं की असंच होतं. आधी सेंटर पंच, मग बारीक भोक, मग स्टेप ड्रिल (पायरीपायरीने रुंद होणारं), ही पद्धत घरी डब्याला भोकं पाडणारा नवशिक्याही पाळतो. तुमच्याच यादीत स्टेप ड्रिल विकायला आहे. कडांना कंगोरे तसेच आहेत आणि डब्यात अ‍ॅल्युमिनियमचा बुरा पडलेला आहे. तो बोर्डावर गेला तर शॉर्ट होईल.

तिकोनी भोक मी कानशीने सारखं करू शकतो, रंग खरवडू शकतो. उलटी भोकं सुलटी करता येत नाहीत. पॉट बोर्डाला पक्के असल्यामुळे भोक एक मिलिमीटरही सरकवता येत नाही, आणि इथे तर अख्खी बाजू बदलली आहे. भोकं उलटी आहेत, हे तुमच्याकडे कोणीतरी एकदा मान्य करावं.

मी तुमचेच कोरे डबे आजवर वापरत आलो. झाकण घट्ट बसतं, स्क्रूचे आटे घसरत नाहीत, पायाखाली ठेवून वर्षानुवर्षं वाजवलं तरी डबा वाकत नाही. मित्रांनाही तुमचंच नाव सांगितलं. म्हणून हे जास्त लागलं. ज्या गिटारवादकांसाठी ही पेडल्स बनवत होतो त्यांना आता पुढची तारीख सांगावी लागली आहे.

सगळे डबे तुमच्या खर्चाने परत न्या. आराखड्याप्रमाणे, बाहेरच्या बाजूने मोजून, आतून कोरे असे नवे डबे पाठवा आणि पाठवण्याआधी एका डब्यात खराखुरा पॉट आणि फूटस्विच बसवून बघा. ते जमत नसेल तर भोकं पाडण्याच्या शुल्कासकट पूर्ण पैसे परत करा. आठ दिवसांत यातलं काहीच झालं नाही तर हे पत्र, आराखडा आणि फोटो घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर लेखी हवं, आणि ज्याने कधी हातात ड्रिल धरलं आहे अशा माणसाकडून हवं. पुन्हा त्याच फोन क्रमांकावर बोलायला सांगू नका.

आपला ग्राहक