नामिबच्या भुंगेऱ्याचे श्रेय भलत्यालाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नामिब वाळवंटातील सजीवांवर तुम्ही पूर्ण पान दिलेत, त्याबद्दल आधी आभार. एरवी नामिबिया म्हटले की आपल्याकडे गाडी कुनोत आणलेल्या चित्त्यांपुढे जात नाही. माझ्या आठवीच्या वर्गाने त्या लेखावरून लगेच भित्तिपत्रक करायला घेतले आहे, म्हणूनच हे पत्र. लेखातल्या दोन गोष्टी शाळेच्या भिंतीवर चढण्याआधी दुरुस्त व्हायला हव्यात.

‘पाठीवरच्या फोडांनी धुके गोळा करणारा स्टेनोकारा भुंगेरा’ असे तुम्ही ठळक चौकटीत छापले आहे. ही गोष्ट जगभर फिरते. तिचे मूळ २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या पार्कर आणि लॉरेन्स यांच्या छोट्या लेखात आहे. फोडांचे शेंडे पाणी धरतात आणि मधल्या मेणचट खळग्यांवरून ते घरंगळते, असे त्यांचे म्हणणे. त्या कल्पनेवरून बनवलेले कृत्रिम पृष्ठभाग पाणी धरतात, त्याबद्दल वाद नाही. पण वाळवंटात धुके पिताना ज्याची नोंद झाली तो भुंगेरा निराळा: ओनिमाक्रिस उंग्विक्युलारिस. हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी १९७६ मध्ये, त्याच ‘नेचर’मध्ये, ती नोंद छापली होती. त्याच्या पाठीवर फोड नाहीतच. हा एरवी दिवसा हिंडणारा आणि रात्री वाळूत गडप होणारा किडा. धुके आले की मात्र ऐन गारठ्यात बाहेर पडतो, वाळूच्या टेकडीची धार गाठतो आणि वाऱ्याकडे तोंड करून, डोके खाली, बूड वर अशा अवस्थेत निश्चल उभा राहतो. पाठीवर धुक्याचे कण जमतात, त्यांचा थेंब होतो आणि ओघळत थेट तोंडाशी येतो. एका बैठकीत काही भुंगेऱ्यांचे वजन जवळजवळ एक तृतीयांशाने वाढल्याचे आढळले आहे.

२०१० मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील नॉरगार्ड आणि डाके यांनी चार जातींचे भुंगेरे कृत्रिम धुक्यात ठेवून पाहिले. शीर्षासन केले ते एकट्या उंग्विक्युलारिसने, स्टेनोकारा ढिम्म. पाठीच्या आकारमानाच्या हिशेबाने पाहिले तर फोडवाली पाठ आणि गुळगुळीत पाठ पाणी जमवण्यात सारखीच ठरली. म्हणजे सारे कसब त्या उभे राहण्यात आहे. मला तर ही हकीकत फोडांच्या कथेपेक्षा जास्त रंजक वाटते, आणि मुलांनाही वाटली.

दुसरी गोष्ट वेल्विचियाच्या फोटोखालच्या ओळीची. ‘असंख्य पानांचे झुडूप’ असे तिथे म्हटले आहे. १८५९ मध्ये फ्रीडरिश वेल्विच यांना दक्षिण अंगोलात सापडलेल्या या झाडाला बीजपत्रे सोडली तर आयुष्यभर दोनच पाने असतात, आणि ते आयुष्य हजार वर्षांच्याही वर जाऊ शकते. पाने बुडातून वाढत राहतात, टोके उन्हाने वाळतात, वारा त्यांच्या चिंध्या करतो. फोटोत दिसतात त्या या चिंध्या. नामिबियाने आपल्या राजचिन्हात हे झाड घेतले आहे, तेव्हा ओळ सुधारलेली बरी.

‘नारा’चा उल्लेख लेखात नाही, त्याची मात्र खंत वाटली. काकडी-भोपळ्याच्या कुळातले हे काटेरी झुडूप. पाने नाहीतच, अन्न तयार करायचे काम हिरव्या फांद्या आणि काटे करतात, मुळे खोल भूजलापर्यंत जातात. कुइसेब नदीच्या कोरड्या पात्रालगत राहणारे टोपनार लोक पिढ्यान् पिढ्या त्याची फळे गोळा करत आले आहेत. गर खातात, बियाही खातात. तिथल्या गोबाबेब संशोधन केंद्रावर वर्षाला सरासरी जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस पडतो. दुष्काळी म्हणून ज्यांचे नाव घेतो त्या आपल्या माण-खटावलाही याच्या कितीतरी पट पडतो. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो, त्यावर तयार होणारे धुके आत शिरते. भुंगेऱ्याची सगळी मदार त्यावर. नाऱ्याची मात्र जमिनीखालच्या पाण्यावर. लेखात सगळ्यांना एकाच धुक्यावर जगवले आहे.

लेखाशेजारीच टेकड्यांवरून गाड्या उडवण्याच्या सहलीची जाहिरात होती. जाहिरात छापू नका असे मी म्हणत नाही, वर्तमानपत्र चालायला हवे. पण तिथल्या खडीच्या मैदानांवर उमटलेले चाकांचे वण दशकानुदशके पुसले जात नाहीत आणि त्याखाली दगडफुले चिरडली जातात. पर्यटनाच्या पानावर नामिबबद्दल पुन्हा लिहाल तेव्हा आखून दिलेला रस्ता सोडू नये, एवढी ओळ टाकावी. भुंगेरा आणि वेल्विचिया यांची दुरुस्ती येत्या रविवारी आली तर वर्गाला उपयोग होईल.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा