दुसरा मॉनिटर घेण्याआधी सीपीयूची मागची बाजू बघा

संपादक महोदय,

मार्चअखेर जवळ आली की कार्यालयांतून नव्या संगणकांची मागणी निघते. कारण बरेचदा एवढेच दिलेले असते की जुन्या मशीनवर दोन स्क्रीन चालत नाहीत. बहुतेक वेळा हे खरे नसते. एकीकडे स्कॅन केलेले बिल आणि दुसरीकडे जीएसटीचे पोर्टल उघडून दिवसभर नोंदी करणाऱ्याला दुसरी स्क्रीन ही चैन नव्हे, आणि ती दहा-बारा वर्षांच्या संगणकावरही मिळू शकते.

सीपीयूच्या मागे मॉनिटरची केबल लावायचे निळे, १५ छिद्रांचे व्हीजीए पोर्ट असते. त्याच्या शेजारी मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरच, एचडीएमआय, डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट यांपैकी मॉनिटरसाठीचे दुसरे पोर्ट असेल, तर सहसा वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. इंटेलच्या २०११ मधल्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्सही दोन स्क्रीन सांभाळते. पिढी ओळखायला चार अंकी क्रमांकाचा पहिला अंक पाहावा. आय-फाइव्ह ३४७० म्हणजे तिसरी पिढी.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते व्हीजीए स्प्लिटरवर. एका पोर्टमधून दोन वायरी काढणारी ही केबल दोन्हीकडे तेच चित्र दाखवते. वर्गात प्रोजेक्टरसाठी ती ठीक, पण डेस्कटॉप त्याने रुंद होत नाही. दुसरी फसगत कन्व्हर्टरची. व्हीजीए अ‍ॅनालॉग आहे आणि एचडीएमआय डिजिटल, त्यामुळे संगणकाच्या एचडीएमआयवरून जुना व्हीजीए मॉनिटर चालवायचा तर आत चिप असलेलाच कन्व्हर्टर लागतो. तो एचडीएमआयच्याच ५ व्होल्टवर चालतो आणि त्या पिनेवर ५५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट मिळण्याची खात्री नसते. स्क्रीन मधूनमधून काळी पडत असेल तर यूएसबीमधून वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर घ्यावा. डीव्हीआयमध्ये चपट्या पट्टीभोवती चार छिद्रे असतील तरच त्यातून व्हीजीए सिग्नल मिळतो; ती नसतील तर साधा जोड लावून उपयोग नाही. डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालते: डिस्प्लेपोर्ट संगणकाकडे, एचडीएमआय मॉनिटरकडे.

व्हीजीए केबल स्वस्तातली घेतली की वेगळीच भानगड होते. मॉनिटर आपले मॉडेल आणि रिझोल्यूशन १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून संगणकाला कळवतो. त्या जोडलेल्याच नसतील तर विंडोजला मॉनिटर ओळखता येत नाही, चित्र १०२४ बाय ७६८ वर अडकते आणि दोष बिचाऱ्या संगणकाला लागतो. (नववी पिन नसणे हा मात्र बिघाड नव्हे, अनेक केबलींत ती मुळातच नसते.) पडदा पिवळट दिसला तर निळ्या रंगाची पिन वाकली आहे का ते पाहावे आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळावेत.

मागे फक्त व्हीजीए असेल तर वेगळे ग्राफिक्स कार्ड लागेल. जीटी ७१० सारखे कार्ड सुमारे १९ वॅट घेते आणि स्लॉटमधूनच वीज मिळवते, म्हणून पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. कॅबिनेट सडपातळ असेल तर कार्ड कॅबिनेटला अडकवायची सुमारे ८ सेंटिमीटरची छोटी पट्टी सोबत येते का, हे दुकानातच विचारावे. नेहमीची १२ सेंटिमीटरची पट्टी त्यात बसत नाही. कार्ड बसवण्याआधी विजेची वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. कार्ड लागले की बऱ्याच संगणकांत मदरबोर्डवरचे पोर्ट आपोआप बंद होते, त्यामुळे दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडणे उत्तम. एक जुन्या पोर्टवरच ठेवायचा असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) अंगभूत ग्राफिक्स सुरू ठेवण्याचा पर्याय शोधावा. डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१ आणि असेंबल केलेल्याला बहुधा डिलीट दाबून तिथे जाता येते. यूएसबीवरून स्क्रीन चालवणारे अडॅप्टरही मिळतात, पण चित्र तयार करण्याचा भार प्रोसेसरवर पडतो. जुन्या यंत्रासाठी तो शेवटचा उपाय समजावा.

जोडणी झाल्यावर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडावे. तो पर्याय चालत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असे दिसते का ते बघा. दिसले तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअरच, टाकलेले नाही. डिस्प्ले सेटिंग्जमधले १ आणि २ चे चौकोन टेबलावरच्या मांडणीप्रमाणे ओढून ठेवावेत, नाहीतर माउस कडेला अडतो. एचडीएमआय लावल्यावर स्पीकर मुके झाले तर घाबरू नये. विंडोजने आवाज मॉनिटरकडे वळवलेला असतो, तो साउंड सेटिंगमधून परत फिरवता येतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायलाच हवी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. म्हणून वर्ष-दोन वर्षांत मशीन बदलायचेच असेल, तर कार्डावर खर्च करू नये. चांगला मॉनिटर मात्र जरूर घ्यावा, तो पुढच्या संगणकालाही चालेल.

खरेदी विभागांना विनंती आहे की मागणीपत्रात 'ड्युअल मॉनिटर सेट' असे मोघम लिहू नये. संगणकाचे मॉडेल, त्याच्या मागचे रिकामे पोर्ट, मॉनिटरवरचे पोर्ट आणि केबलची लांबी या चार गोष्टी लिहाव्यात आणि सोबत मागच्या बाजूचा फोटो जोडावा.

– कार्यालयीन संगणकांची देखभाल करणारा एक वाचक, पुणे