आईच्या खुब्यासाठी धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

आई अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, रॉड टाकला. सात महिने झाले तरी हाड जुळेना. ताप नाही, टाके कोरडे, म्हणून आम्ही वयावर ढकललं. जळगावच्या लॅबमधल्या एका ताईंनी रिपोर्ट देताना सीआरपीच्या (अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या) आकड्याखाली बोट ठेवलं, "हा एव्हाना खाली यायला हवा होता. डॉक्टरांना दाखवाच." ताई, त्या बोटाचे उपकार कसे फेडू?

जंतू धातूवर चिकट थर करून बसतात आणि ताप न येताही हाड जुळू देत नाहीत, हे तेव्हा कळलं. तपासणीचा नमुना घेण्याआधी 2 आठवडे अँटिबायोटिक बंद, मग कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात ते) 14 दिवस ठेवलं. सावकाश वाढणारे जंतू लवकर सापडत नाहीत. ते दिवस फार जड गेले.

अमळनेर स्टेशनवर आईला खुर्चीसकट डब्यात चढवणारे दोघे भाऊ, "माय, पाय पसर" म्हणत स्वतः उभ्या राहिलेल्या आजी, रोज कळण्याची भाकरी नि ठेचा पाठवणाऱ्या शेजारच्या काकू, तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार.

काल आई वॉकर धरून ओट्यापर्यंत गेली. तुळशीला पाणी स्वतःच्या हाताने घातलं.