गुणगौरवात फक्त टक्के आणि पॅकेजच का?

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार.

गणपती झाले, आता आपल्या बडोद्यातल्या मराठी मंडळांचे गुणगौरव समारंभ सुरू होतील. तिथे स्टेजवर कोणाला बोलावतात बघा, बारावीला टक्के जास्त, नाहीतर पॅकेज मोठं, नाहीतर कॅनडाचा व्हिसा लागला. या मुलांची मेहनत खरी आहे, कौतुक झालंच पाहिजे, पण खाली बसलेली बाकीची पोरं मनात एवढंच घेऊन घरी जातात की यश म्हणजे हेच आणि ते आपण नाही, दुसऱ्यांनी ठरवायचं.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीत अकाउंट्स बघते. मॅनेजरची पोस्ट मिळत होती पण मुंबईला जावं लागणार होतं. नाही म्हणायच्या आधी वहीत दोन रकाने केले, एकीकडे लिहिलं पगार, फ्लॅट, पद, दुसरीकडे सासूबाईंची औषधं, मुलीची शाळा आणि संध्याकाळचा गाण्याचा क्लास, आणि काय काय हातचं जाणार ते आकड्यासकट मांडलं. नातेवाईक अजून म्हणतात चांगली संधी घालवलीस. वाईट वाटतं, पण तो हिशोब माझा आहे त्यामुळे डगमगायला होत नाही.

"मनाला पटेल ते कर" एवढं सांगून काहीच होत नाही हो, काय सोडायची तयारी आहे तेही ठरवावं लागतं. दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या ज्या बंगल्यात अरविंद घोष, म्हणजे पुढचे योगी अरविंद, राहायचे त्यावरून आपण रोज जातो. बडोदा कॉलेजातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून 1906 मध्ये ते कलकत्त्याला नॅशनल कॉलेजात दीडशे रुपयांवर गेले! आजच्या समारंभात त्यांना कोणी बोलावलं असतं का?

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला एवढी मोकळीक नसते हे मान्य, त्याच्यासाठी सध्या कर्ज फेडणं हेच यश असू शकतं, आणि पाच वर्षांनी ते बदललं तरी बिघडलं कुठे.

मंडळांना आणि तुम्हालाही विनंती आहे, मुलांचे फोटो छापाल तेव्हा टक्क्यांखाली एक ओळ त्यांच्याच शब्दांत द्या, पुढे काय करायचंय आणि त्यासाठी काय सोडायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, रावपुरा, बडोदा