प्लेअर भेट द्या, पण कार्ड तपासून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की घरातल्या आजी-आजोबांसाठी मेमरी कार्डावर चालणारा छोटा प्लेअर घ्यायला अनेक जण पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, चक्कर मारतात. भेट म्हणून ही वस्तू खरोखर चांगली आहे. मोबाइलवर गाणे लावायचे तर लॉक उघडा, अॅप शोधा, त्यात जाहिरात येते, मध्येच कुणाचा तरी फोन येतो. इथे एक बटण दाबले की अभंग सुरू. नजर अधू झाली तरी बोटांना बटण सापडते, नेटही लागत नाही. तरीही हे प्लेअर थोड्याच दिवसांत ‘बिघडला’ म्हणून कपाटात जातात, आणि खोट बहुतेक वेळा यंत्रात नसून गाणी भरण्यात असते.

मुख्य तक्रार क्रमाची. स्वस्त प्लेअर फाइलचे नाव बघत नाही. कार्डावर ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतो. म्हणून रागातले द्रुत (जलद लयीचे) आधी लागते आणि विलंबित (संथ लयीचे) नंतर. शिवाय जुनी चार गाणी पुसून नवी चार टाकली की मधल्या मोकळ्या जागांवर नव्या नावांची नोंद होते आणि नीट लावलेला क्रमही विस्कटतो. उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे: संगणकावर प्रत्येक नावापुढे 001, 002 असे आकडे घालावेत, कार्ड फॉरमॅट करावे आणि फोल्डर एकामागून एक, त्याच क्रमाने कॉपी करावेत. पडदा असलेल्या प्लेअरवर मराठी नावांचे नुसते चौकोन दिसत असतील तर त्यात देवनागरी फाँट नाही असे समजावे. नावे रोमन लिपीत लिहिली की काम भागते.

कार्ड 32 जीबीचेच घ्यावे. त्याहून मोठी कार्डे एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि साधे प्लेअर ती वाचत नाहीत. मोठ्या कार्डाची गरजही नसते. 320 केबीपीएसच्या (हा आकडा जितका मोठा तितका आवाजाचा दर्जा चांगला) एमपी-3 ला मिनिटाला सुमारे 2.4 एमबी लागतात, म्हणजे अर्ध्या तासाचा ख्याल 72 एमबीत बसतो आणि 32 जीबीत जवळजवळ 220 तासांचे संगीत मावते. नकली कार्डाचा धोका मात्र मोठा आहे. वर 32 लिहिलेले, आत जागा 8 जीबीची. सुरुवातीची गाणी सुरेख वाजतात आणि पुढची मुकी होतात किंवा अर्ध्यात तुटतात. कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघणे हीच खरी परीक्षा. त्यासाठी संगणकावर ‘एच-2-टेस्ट-डब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याला तासाहून जास्त वेळ लागू शकतो, दुकानात ते होणे नाही. म्हणून पक्के बिल घ्यावे आणि घरी आल्याच दिवशी तपासावे. ‘गाणी भरून’ मिळणाऱ्या कार्डांच्या वाटेला जाऊ नये. हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय 64 केबीपीएसची फाइल 320 ची करून दिली तरी एकदा गेलेले सूर परत येत नाहीत.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी दुकानातच एक गोष्ट करून बघावी. मोठी फाइल लावून दहा मिनिटे पुढे न्यावी, प्लेअर बंद करावा, पुन्हा चालू करावा. गाणे सोडले तिथून सुरू झाले तर ठीक. पहिल्यापासून लागले तर पन्नास मिनिटांचा राग त्यावर कधी पुरा ऐकून होणार नाही. आणखी एक मर्यादा अशी, की दोन इंची स्पीकरला खालचे स्वर पेलत नाहीत. तबल्याची चाट खणखणीत ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो. तोच प्लेअर बऱ्या इअरफोनवर लावला की घुमारा परत येतो. खिशातल्या प्लेअरवर इअरफोनची वायर एफएमची एरियलही असते. ती न लावता 101 वर विविध भारतीची खरखरच ऐकू येईल.

बॅटरी काढता येणारी हवी. बीएल-5सी मापाची (जुन्या नोकिया फोनमध्ये असायची ती) असेल तर ती सहज आणि स्वस्तात मिळते. आत डकवलेली असेल तर बॅटरीबरोबर प्लेअरही गेला. महिनोन्महिने न वापरता ठेवायचा झाल्यास अर्धा चार्ज करून ठेवावा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी बरेचदा पुन्हा उठत नाही. मागचे झाकण वर उचललेले दिसले तर बॅटरी फुगली आहे: चार्जिंग थांबवावे, ती दाबू-टोचू नये आणि सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावी. टाइप-सी तोंडाचा प्लेअर दोन्हीकडे सी असलेल्या केबलने चार्ज होत नसेल तर लगेच परत करू नये. खर्च वाचवण्यासाठी आतले दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे चार्जरला समोर काही जोडले आहे हेच कळत नाही. एका बाजूला जुने चपटे यूएसबी असलेली केबल लावली की तो चार्ज होतो.

उत्पादकांनी खोक्यावर तीन गोष्टी मराठीत आणि ठळक छापाव्यात, ही विनंती: किती जीबीपर्यंतचे कार्ड चालते, बॅटरी कोणत्या मापाची आहे, आणि बंद केल्यावर गाण्याची जागा लक्षात राहते की नाही.

– एक वाचक, पुणे