आईच्या कादंबऱ्या आणि बाबांचं बोनी एम

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवायचंय म्हणून मुद्दाम २० च्या टायपात प्रिंट काढून पोस्टाने पाठवतेय. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तुम्ही अर्धं वाचून अंगठा पाठवला असता आणि आईला "सगळा बरा आसा तिचा" एवढंच सांगून मोकळे झाला असता, मला माहितीये. मधलं काही गाळायचं नाही. तुमच्याबद्दल लिहिलंय तेपण वाचायचं, आवाज खाली न आणता.

इकडे रत्नागिरीला सगळं ठीक. हापूसच्या पेट्यांचे फोन सुरू झालेत, ऑफिसात मार्चची मारामारी संपली, पोरगी परीक्षा देऊन मोकळी. झालं. आता मुद्द्यावर येते.

गणपतीला आले होते तेव्हा माळ्यावरची ट्रंक मी इकडे आणली ना, ती शेवटी आता उघडली, आणि तेव्हापासून माझं झोपेचं खोबरं झालंय. आई, तू काय काय भरून ठेवलं होतंस गं! वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाचा पाला (त्याचा आता नुसता चुरा), आणि मधे सगळी तुझी लेखकांची गँग, जयवंत दळवी, चिं. त्र्यं. खानोलकर, श्री. ना. पेंडसे, वि. स. खांडेकर. वाळवी लागली नाही हे त्या वेखंडाचंच काम, कसर मात्र दोन-तीन पुस्तकांत शिरली होती, ती उन्हात घातली. आणि 'कोंडुरा'च्या मधल्या पानांवर तो तपकिरी डाग आहे ना, हाताच्या अंगठ्याएवढा, तो बोंडाच्या रसाचाच ना? म्हणजे तू काजूच्या बिया सोडवता सोडवता वाचत होतीस. मांडीवर पुस्तक, पुढ्यात बोंडांचा ढीग आणि पानाच्या कोपऱ्याला रस लागू नये म्हणून बाकीची बोटं वर धरलेली, मी ते नक्की बघितलंय लहानपणी, नाहीतर इतकं स्पष्ट कसं आठवेल. नवऱ्याने विचारलं की नवीन प्रत मागवू का, म्हटलं वेडा आहेस का, ह्या डागासकट पाहिजे.

सुरुवात 'सारे प्रवासी घडीचे'ने केली, कारण त्यात तुझं माहेर आहे. मला आठवतंय तू प्रत्येक माणूस ओळखायचीस, हा अमक्याच्या आजोबांवर लिहिलाय, ही तमक्याची आत्या, आणि बाबा म्हणायचे दळव्यांनी तुझ्या कानात येऊन सांगितलं काय. पुस्तक १९६४ चं. २०२५ मध्ये दळवींच्या जन्माला १०० वर्षं झाली आणि तरी आरवलीत आजसुद्धा वेतोबाच्या देवळापासून बाजारापर्यंत चालत गेलं तर त्यातली निम्मी माणसं भेटतात असं मला वाटतं. फक्त आता त्यांच्या हातात मोबाईल. मी हसून हसून पलंगावरून पडायची बाकी होते आणि मग एकदम पुढच्या पानावर घशात काहीतरी अडकतं. हसवता हसवता हा माणूस कधी रडवायला लागतो ते कळतच नाही, हे मराठीत फार कमी लोकांना जमलंय, माझं मत.

खानोलकरांचं उलटं, तिथे हसू नाहीच. 'चानी' परत वाचली, एका बैठकीत. निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची पोर आणि तिच्यावर तुटून पडलेलं अख्खं गाव. कॉलेजात वाचली तेव्हा चानीचं वाईट वाटलं होतं, आता गावाची भीती वाटली. 'कोंडुरा' त्याहून अवघड, परशरामतात्याच्या डोक्यात काय चाललंय ते धड कळत नाही आणि पुस्तक खालीही ठेववत नाही. आपण वेंगुर्ल्याला जाताना वाट वाकडी करून कोंडुऱ्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो, आठवतं? तिथे समुद्र खडकात शिरून जो घुमतो, तो आवाज वाचताना सारखा कानात होता. आई, तुझं म्हणणं होतं की 'कोंडुरा' मोठी आणि 'चानी' तिच्यापुढे काही नाही. मला अजून ते पटत नाही. यावर फोनवर भांडू.

आणि एवढा काळोख लिहिणारा माणूस दुसऱ्या नावाने 'ये रे घना' लिहितो! लोकांना अजूनही माहीत नसतं की आरती प्रभू म्हणजेच खानोलकर. आमच्या ऑफिसातली एक मुलगी ते गाणं मोबाईलवर लावून बसली होती, आशाबाईंचा आवाज, हृदयनाथांची चाल, तिला म्हटलं हा आमच्या वेंगुर्ल्याचा माणूस, कुडाळला खानावळ चालवायचा, तर ती म्हणाली मॅडम काहीही सांगता. कवी मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, खानोलकर वेंगुर्ल्याचे, दळवी आरवलीचे, खांडेकर सांगलीचे असले तरी १९२० पासून १९३८ पर्यंत आपल्या शिरोड्याच्या शाळेत मास्तर. एका तालुक्यात एवढं! आणि आपण पाहुण्यांना काय दाखवतो, वेळागरचा बीच आणि मासळीची थाळी.

बरं, आता बाबा. घसा साफ करा, तुमचा नंबर आला.

ट्रंकेच्या तळाला तुमच्या कॅसेट सापडल्या, फडक्यात बांधलेल्या. आईनेच ठेवल्या असणार, कारण घरात कोरडी जागा ती एकच. बऱ्याचशांच्या टेपला पांढरी बुरशी लागलीय, त्या गेल्यात जमा. पण एक चांगली निघाली, तुमच्या अक्षरात वर 'बोनी एम', तुमचा तो डिस्को ग्रुप, आणि खाली लालबागच्या रेकॉर्डिंगवाल्याचं नाव. इथे एक रेडिओ रिपेअरवाले काका आहेत, त्यांच्याकडे जुना टेप आहे. त्यांनी कॅसेटचे स्क्रू खोलून मला दाखवलं, टेपला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा एवढासा चौकोन असतो, तो गळून पडला होता. त्यांनी मेलेल्या कॅसेटमधला काढून चिमट्याने चिकटवला, स्पिरिटने हेड पुसलं आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर, आणि मग एकदम 'रास्पुतिन'! दुकानात चहा घेऊन आलेला पोरगा नाचायला लागला, शप्पथ.

मला आईचा डायलॉग आठवला, "हे कित्याक आरडतत, कोण मेलो काय?" आणि तुमचं ठरलेलं उत्तर, "तुका काय कळता!" तर बाबा, तुम्हालाही न कळलेली एक गोष्ट सांगते. त्या ग्रुपमधला तो नाचणारा, मोठ्या केसांचा बॉबी फॅरेल, ज्याच्यासारखी बेलबॉटम तुम्ही शिवून घेतली होती, तो रेकॉर्डवर गायलेलाच नाही. तो जाड आवाज त्यांचा प्रोड्युसर फ्रँक फारियानचा, जर्मन माणूस, स्टुडिओत बसून गायचा आणि स्टेजवर बॉबी ओठ हलवायचा. डिसेंबर १९७८ मध्ये हे लोक मॉस्कोला गेले आणि तिथे नेमकं 'रास्पुतिन'च गायलं नाही, रशियात ते चालणार नव्हतं. आणि पुढचं ऐका, खऱ्या रास्पुतिनला, म्हणजे रशियाच्या झारच्या दरबारातल्या त्या साधूला, मारलं ३० डिसेंबर १९१६ ला, आणि बॉबी गेला ३० डिसेंबर २०१० ला, त्याच शहरात, सेंट पीटर्सबर्गमध्ये. मी दोनदा तपासून बघितलं. आणि आई, पाडगावकर गेले तेपण ३० डिसेंबरलाच, २०१५ ला.

पाडगावकर मधेच कुठून आले म्हणाल, तर कॅसेट उलटी केली ना. दुसऱ्या बाजूला त्यांचंच 'शुक्रतारा मंद वारा'! अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा, खळेकाकांची चाल, आणि त्यानंतर अख्खी बाजू दाते, दाते आणि दातेच. (ते इंदूरचे, टेक्स्टाइल इंजिनिअर होते, म्हणजे तुमच्या गिरणीतलेच म्हणायचे.) बाबा, तुम्ही भावगीतं ऐकत नाही. तुम्हाला झोप येते त्याने, हे तुम्ही आयुष्यभर सांगत आलाय. मग लालबागच्या रेकॉर्डिंगवाल्याला पैसे देऊन ही बाजू कोणासाठी भरून घेतली होती? आई, विचार त्यांना. उत्तर मला पत्राने कळव.

गिरणीचा संप १९८२ ला लागला आणि तुम्ही वळकटी, टू-इन-वन आणि ह्या कॅसेट घेऊन कायमचे गावी आलात, एवढं मला माहीत होतं. पण त्याआधीची वर्षं तुम्ही तिकडे खोलीत दहा-पंधरा जणांत आणि आई इकडे पडवीत पुस्तक घेऊन, ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या रात्री हेडफोन लावून 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' नीट ऐकलं, शब्द बघितले. बाबा, ते भजन आहे! बायबलमधलं १३७ वं स्तोत्र. यहुदी लोकांना धरून परमुलखात नेलं, ते तिथल्या नद्यांच्या काठावर बसलेत आणि आपल्या गावाच्या आठवणीने रडतायत, आणि वर त्यांना म्हणतात गाणी म्हणा. आधी जमैकाच्या एका ग्रुपने गायलं, मग १९७८ ला बोनी एमने त्याला ठेका दिला आणि जगभर लोक त्यावर नाचले. तुम्हीपण नाचलात, लालबागला, इंग्लिश कळत नसताना. चाकरमान्यांचं गाणं आहे हो ते!

आणि मग माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं की आईची पुस्तकंपण तीच आहेत. दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करत होते, तिथे बसून आरवली लिहिली. खानोलकर कुडाळ सोडून मुंबईला आकाशवाणीत गेले आणि 'रात्र काळी घागर काळी' आली १९६२ ला. पेंडसे बेस्टमध्ये नोकरीला, लिहीत होते दापोलीकडचं. सगळी गावाबाहेर बसून गावाचा ध्यास घेतलेली माणसं. आई, तू गावातच बसून ती वाचत होतीस आणि बाबा तिकडे नाचत होते आणि घरी आल्यावर तुम्ही दोघं चाळीस वर्षं भांडताय की ह्यांची गाणी म्हणजे आरडाओरडा आणि हिची पुस्तकं म्हणजे रिकामटेकडेपणा.

बाबा, अजून एक बोनस. 'आप जैसा कोई', १९८०, नाझिया हसन तेव्हा १५ वर्षांची होती. ते गाणं करणारा बिद्दू बंगळूरचा, लंडनला जाऊन १९७४ ला त्याने 'कुंग फू फायटिंग' गाजवलं, तेपण तुमच्याकडे होतं. आणि त्याच बिद्दूने १९९५ ला अलिशाचं 'मेड इन इंडिया' केलं, ज्यावर मी शाळेच्या गॅदरिंगला नाचले आणि तुम्ही घरी येताना म्हणालात हल्लीची गाणी म्हणजे नुसता धांगडधिंगा. बोला आता.

तर आता काम. आईचं वाचन बंद झालंय हे मला शेजारच्या काकींकडून कळलं, तुम्ही दोघांनी सांगितलं नाही. मोतीबिंदू आहे, पिकू दे, पावसाळ्यात नको, थंडीत बघू, असलं काही मी ऐकणार नाही. हल्ली पिकायची वाट बघत नाहीत, मोसमही बघत नाहीत, इथल्या डॉक्टरांना मी विचारलंय. दुपारी घरी सोडतात. मे महिन्यात येऊन मी आईला घेऊन जाणार आणि मिरगाआधी दोन्ही डोळ्यांचं उरकणार, तारीख ठरवून कळवते.

तोपर्यंत बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवायचं. हसू नका. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की अर्धा तास, सिरियलच्या आधी. मोबाईलवर स्टोरीटेलला मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, ते मी लावून देईनच, पण आईला वाचणाऱ्याला मधेच थांबवून "हा अमक्याचा आजोबा" सांगायचं असतं, ते मोबाईलला कसं सांगणार. खांडेकरांची दृष्टी शेवटी गेली तरी दुसऱ्याकडून वाचून घेणं आणि सांगून लिहून घेणं सोडलं नाही त्यांनी. सुरुवातीला दळवीच घ्या, बोलल्यासारखं आहे, जीभ अडकणार नाही. मग वाटलं तर 'ययाति'. आमच्या पिढीला ती जरा गोड लागते, पण आईसाठी वाचा, त्यात ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघं आपापली बाजू स्वतः सांगतात. ययाति तुम्ही करा. देवयानी आईला करू दे, तिला पाठ आहे आणि रागपण जमतो.

सोबत पार्सल आहे. त्यात 'सारे प्रवासी घडीचे' (जपून, आईचीच प्रत), एक छोटा स्पीकर आणि पेनड्राइव्ह. कॅसेटच्या दोन्ही बाजू काकांनी त्यात उतरवून दिल्यात, खरखरीसकट. बाबा, लाल बटण दाबून ठेवायचं, सोडायचं नाही लगेच, निळा दिवा लागला की मगच. आई, बोनी एम लागलं की कानावर हात ठेवायचा नाही, एकदा तरी पूर्ण ऐकायचं. त्याच्या बदल्यात बाबा रोज वीस पानं वाचतील, असा माझा निवाडा आहे.

पुढच्या पार्सलात काय पाठवू ते कळवा. 'रथचक्र' आहे. 'तुंबाडचे खोत'पण आहे, पण चार पिढ्या आणि दोन जाडजूड खंड, ते बाबांच्या दमाचं काम नाही, ते ऑपरेशननंतर आईने स्वतःच वाचावं.

तुमची,
बाय