'पेक्षा' कोण शिकवणार?

संपादक महोदय,

मुलांना वाचलेले समजत नाही, या विषयावरचा आपला कालचा लेख वाचला. कालच लिहायला बसलो असतो तर भाषा बिघडली असती. पुस्तकांची गोडी लावा, शब्दसंग्रह वाढवा, सगळे मान्य. पण 'शब्दयोगी अव्ययांसारख्या रुक्ष व्याकरणात मुलांना अडकवू नका' (शब्दयोगी अव्यये म्हणजे 'पेक्षा', 'मुळे', 'खेरीज' असे नामाला चिकटून येणारे शब्द) असे जाता जाता ठोकून देण्यापूर्वी लेखकमहाशय एखाद्या मुलाला शेजारी घेऊन बसले होते काय?

मी बसलो आहे. माझ्या चौथीतल्या नातीला गणिताच्या चाचणीत प्रश्न होता : 'राधाकडे मीनापेक्षा 8 मणी जास्त आहेत. राधाकडे 20 मणी आहेत, तर मीनाकडे किती?' पोरीने लिहिले 28. बाईंचा लाल शाईतला शेरा, 'वजाबाकी कच्ची', आणि शिक्षा म्हणून पानभर वजाबाक्या. त्या तिने एकही न चुकता केल्या! मग मी तिला तो प्रश्न मोठ्याने वाचायला लावला. 'मीनापेक्षा'मधले 'पेक्षा' ती चक्क गिळत होती. 'जास्त' दिसले की मिळवायचे, एवढे मात्र पक्के. त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, "कोणाचे मणी जास्त?" "राधाचे." "मग मीनाचे?" पेन्सिल जरा थांबली आणि 28 खोडून तिने 12 लिहिले. बाईंना भेटून हे सांगितले, तर उत्तर मिळाले, "आजोबा, ते व्याकरण वरच्या वर्गात आहे."

वरच्या वर्गात काय दिवे लागतात तेही पाहिले आहे. कालवाचक, स्थलवाचक, तुलनावाचक, व्यतिरेकवाचक ही जपमाळ मुले घडाघडा म्हणतात. 'खेरीज' व्यतिरेकवाचक, एक गुण खिशात. आणि 'रमेशखेरीज सगळे सहलीला गेले' हे वाचून रमेश कुठे गेला म्हणून विचारा, उत्तर येते, 'सहलीला'. लेखकांचा राग या घोकंपट्टीवर असेल तर मी त्यांच्याच बाजूचा. पण म्हणून शिकवूच नका? 'पावसामुळे' आणि 'पावसासाठी' यांतला फरक ज्याला कळत नाही, तो उताऱ्याखालच्या 'का?' या प्रश्नाचे उत्तर कशाच्या जोरावर देणार? 'शिवाय' तर आणखी बेरकी. 'परवानगीशिवाय आत येऊ नये' इथे तो उणे करतो, 'पगाराशिवाय भत्ता मिळतो' इथे भर घालतो. आमची ही अव्यये शब्दाच्या शेवटाला चिकटून येतात, त्यामुळे घाईने वाचणारे मूल पहिली दोन अक्षरे पाहून बाकीचा शब्द सोडून देते. त्याला व्याख्या नको, कुणीतरी तिथे थांबवायला हवे. धड्यातले एक वाक्य घ्या, 'जेवणाआधी'चे 'जेवणानंतर' करा आणि आता काय बदलले ते विचारा. पाच मिनिटांचे काम आहे. त्यासाठी ना प्रशिक्षण शिबिर लागते, ना ॲप.

लिहितोच आहे तर आणखी एक. ज्या पानावर हा लेख होता, त्याच पानावर 'पुला खाली' आणि 'शासना तर्फे' असे तोडून छापले आहे. जोडून लिहायचे म्हणूनच त्याला शब्दयोगी म्हणतात ना? जागेची अडचण म्हणावी, तर तोडल्याने जागा जास्तच लागते. शेवटच्या पानावर तर कमाल आहे. बातमीत व्याजदर 2 टक्क्यांनी वाढला आणि मथळ्यात तो 2 टक्क्यांवर गेला. ('नी' हा विभक्तीचा प्रत्यय आहे, हे मला ठाऊक आहे, त्यासाठी कुणी वेगळे पत्र पाठवू नये.) मुलांच्या आकलनाचे पुढे बघू, पण या दोहोंपैकी खरे कोणते, एवढे तरी उद्याच्या अंकात छापावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार